एफनिर्सचा डेटा वाचायचा कसा: कच्च्या सिग्नलपासून निष्कर्षापर्यंत, क्रम न चुकवता

एफनिर्स म्हणजे डोक्यावरच्या टोपीतून जवळचा अवरक्त प्रकाश सोडून, परत येणाऱ्या प्रकाशावरून मेंदूतल्या रक्ताचा बदल मोजायची पद्धत. तिच्यावर नव्याने काम करणाऱ्यांचा एक ठरलेला रस्ता असतो. सॉफ्टवेअर उघडायचं, फिल्टर मारायचा, सगळ्या ट्रायल्सची सरासरी काढायची आणि लाल रेघ वर गेलेली दिसली की 'हा भाग ॲक्टिव्हेट झाला' असं लिहून मोकळं व्हायचं. लाल रेघ म्हणजे ऑक्सी-हिमोग्लोबिन (ऑक्सिजन असलेलं), निळी म्हणजे डीऑक्सी (ऑक्सिजन सोडलेलं); मेंदूचा भाग कामाला लागला की सहसा पहिली वर जाते आणि दुसरी थोडी खाली. अडचण अशी आहे की लाल रेघ वर जायला मेंदूच लागतो असं नाही, कपाळाच्या कातडीत रक्त वाढलं तरी ती वर जाते, रक्तदाब वाढला तरी जाते, टोपी सरकली तरी जाते. प्रकाश मेंदूपर्यंत जाताना एकदा कातडीतून जातो आणि परत येताना पुन्हा एकदा, त्यामुळे प्रत्येक चॅनलमध्ये, म्हणजे प्रकाश सोडणारा सोर्स आणि तो टिपणारा डिटेक्टर यांच्या प्रत्येक जोडीत, कातडीचा वाटा असतोच असतो.

म्हणून हा सगळा लेख एकाच कामाबद्दल आहे: 'मेंदू' म्हणण्याआधी कातडी, हालचाल आणि शरीराची स्वतःची लय या तिघांना एकेक करून बाजूला काढणं. ते कुठल्या क्रमाने काढायचं हे महत्त्वाचं आहे, कारण क्रम चुकला की पुढची पायरी मागची घाण अजून पसरवते.

१. टास्कचं वेळापत्रक आधी तपासा

डेटा घेण्याआधी हे केलं तर उत्तम, पण डेटा आधीच हातात असेल तरी इथूनच सुरुवात करा. टास्क किती सेकंद, विश्रांती किती सेकंद, आणि दोन्ही मिळून एक फेरी किती सेकंदांची हे कागदावर लिहा. पुढे फिल्टर ठरवताना याच आकड्यावर सगळं अवलंबून आहे.

मेंदूतला रक्ताचा प्रतिसाद हळू असतो. टास्क सुरू झाल्यावर साधारण १ ते २ सेकंदांनी ऑक्सी वाढायला लागतं, छोट्या उद्दीपनाला ५ ते ६ सेकंदांच्या आसपास शिखर येतं आणि खाली यायला अजून १० सेकंद किंवा जास्तच लागतात, बऱ्याचदा बेसलाइनच्या (टास्कआधीच्या पातळीच्या) थोडं खाली जाऊन मग परत येतं. त्यामुळे ५ सेकंद विश्रांती ठेवली तर पुढची ट्रायल मागच्या ट्रायलच्या उतारावरच सुरू होते आणि मग तुमची 'बेसलाइन' बेसलाइन राहतच नाही.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. रक्तदाबाची एक स्वतःची संथ लाट असते, तिला मेयर लाट म्हणतात, ती साधारण ०.१ हर्ट्झवर म्हणजे दर १० सेकंदांनी एकदा येते. आता टास्क १० सेकंद आणि विश्रांती १० सेकंद असं अगदी घड्याळासारखं ठेवलं तर टास्कची लय आणि ही लाट एकमेकींना चिकटण्याची शक्यता वाढते, आणि एकदा चिकटल्या की सरासरी काढून काही उपयोग नाही, दोन्ही एकत्रच टिकून राहतात.

> तपासा: विश्रांतीची लांबी बदलती आहे का, म्हणजे समजा १५ ते २५ सेकंदांच्या मधे कुठेही? एकसारखी असेल तर निकाल वाचताना ०.१ हर्ट्झचा संशय शेवटपर्यंत डोक्यात ठेवा.

२. टोपी बसवताना घाई नको

खराब टोपीचा डेटा नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने चांगला होत नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं.

डोकं मोजा: नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत, आणि एका कानापुढच्या बिंदूपासून दुसऱ्या कानापुढच्या बिंदूपर्यंत. दोन्हींचा मध्य जिथे जुळतो तो सीझेड. टोपीचा सीझेड तिथे आला पाहिजे, 'साधारण मधे' चालत नाही, कारण मोठ्या माणसात ३ सेंटीमीटरच्या चॅनलने आपण जेमतेम दीड सेंटीमीटर आत बघतो आणि टोपी एक सेंटीमीटर सरकली की शेजारच्याच भागावर जाते.

मग केस. ऑप्टोडच्या (टोपीतल्या प्रत्येक सोर्स किंवा डिटेक्टरच्या) टोकाखालचे केस एकेक करून बाजूला करा, प्रत्येक ठिकाणी कातडी डोळ्यांना दिसली पाहिजे. दाट आणि काळ्या केसांत याला खरंच वेळ लागतो, तो वेळ सत्राच्या वेळापत्रकात आधीच धरा म्हणजे समोरचा माणूस कंटाळत नाही आणि तुम्हीही 'जाऊ दे, चालेल' म्हणत नाही. शेवटी वरून काळं आवरण घाला, खोलीतला प्रकाश डिटेक्टरमध्ये शिरू नये म्हणून.

> सावधान: सिग्नल येत नाही म्हणून ऑप्टोड जोरात दाबू नका. दाबल्याने तिथल्या कातडीतलं रक्त हटतं, नंतर हळूहळू परत येतं, आणि हा सगळा प्रवास तुमच्या डेटात लांबलचक उतार किंवा चढ म्हणून दिसतो.

शॉर्ट चॅनल म्हणजे सोर्स-डिटेक्टरमध्ये साधारण ८ मिलिमीटर अंतर असलेलं चॅनल. त्याचा प्रकाश मोठ्या माणसात मेंदूपर्यंत जवळजवळ पोचतच नाही, फक्त कातडी आणि आजूबाजूचं मोजतो. तुमच्या यंत्रात ती सोय असेल तर जितकी शक्य तितकी आणि डोक्यावर पसरून लावा. पायरी ६ पूर्ण यांच्यावरच उभी आहे.

३. कच्चा सिग्नल डोळ्यांनी बघा, आणि ठोके शोधा

कुठलंही बटण दाबण्याआधी प्रत्येक चॅनलची कच्ची तीव्रता स्क्रीनवर आणा आणि १० ते १५ सेकंदांचा तुकडा मोठा करून बघा. चांगल्या चॅनलमध्ये छोटी छोटी नियमित दातेरी लाट दिसते, सेकंदाला साधारण एक, म्हणजे हृदयाचे ठोके. यंत्र १० हर्ट्झवर मोजत असेल तर एका ठोक्याला दहाच्या आसपास बिंदू मिळतात, तेवढ्यात लाट व्यवस्थित ओळखू येते. ही लाट दिसली म्हणजे प्रकाश रक्त असलेल्या ऊतीतून जाऊन आलाय. नुसती खरखर दिसते, लय नाही, म्हणजे ऑप्टोड केसांवर बसलाय किंवा प्रकाश पोचतच नाहीये. सपाट रेघ वरच्या टोकाला चिकटलेली असेल तर डिटेक्टर सॅच्युरेट झालाय.

हेच आकड्यात करायचं तर स्काल्प कपलिंग इंडेक्स वापरा. यंत्र दोन वेव्हलेंग्थचा (तरंगलांबीचा) प्रकाश सोडतं; त्या दोन्हींचे सिग्नल ठोक्यांच्या पट्ट्यात, म्हणजे साधारण ०.५ ते २.५ हर्ट्झमध्ये फिल्टर करून त्यांचा आपसातला सहसंबंध काढतात. ठोका खरा असेल तर दोन्हीकडे एकदमच दिसतो, म्हणून आकडा १ च्या जवळ येतो. ०.७५ किंवा ०.८ ही मर्यादा बरेच जण धरतात.

> सावधान: हालचालीनेसुद्धा दोन्ही वेव्हलेंग्थ एकदम हलतात, त्यामुळे खूप हललेल्या चॅनलचा इंडेक्स खोटा चांगला येऊ शकतो. आकडा आणि डोळे दोन्ही वापरा.

खराब चॅनल इथेच काढा आणि कुठली काढली ते लिहून ठेवा. निकाल बघून झाल्यावर चॅनल काढायला लागलात तर तो प्रकार वेगळाच होतो, तो करू नका.

४. आधी ऑप्टिकल डेन्सिटी, मग हालचाल, आणि फिल्टर अजिबात नाही

कच्ची तीव्रता भागिले तिची सरासरी, त्याचा लॉग, आणि पुढे उणे चिन्ह: झाली ऑप्टिकल डेन्सिटी. प्रकाश कमी आला की हा आकडा वाढतो. हे सॉफ्टवेअर करतंच, यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

हालचाल दुरुस्त करायची ती याच टप्प्यावर. कारण साधं आहे: डोकं झटकलं की सिग्नलमध्ये एक टोकदार स्पाइक येतो किंवा पूर्ण पातळीच उडी मारून वर-खाली जाऊन बसते. आधी फिल्टर लावला तर तो स्पाइक आजूबाजूच्या कित्येक सेकंदांत पसरतो, गोलसर होतो आणि गोलसर झालेला स्पाइक अगदी मेंदूच्या प्रतिसादासारखा दिसतो. मग तो ओळखायचा कसा? नाहीच ओळखता येत. हा क्रम उलटा केलेले आलेख इतके सुंदर दिसतात की कुणाला शंकाही येत नाही, आणि म्हणूनच मी या पायरीवर एवढा जोर देतोय.

पद्धती बऱ्याच आहेत. टीडीडीआरमध्ये फारसे आकडे ठरवावे लागत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला ती सोपी पडते. वेव्हलेट स्पाइकसाठी चांगली, पातळीची उडी असेल तर स्प्लाइन उपयोगी. एकच पद्धत सगळ्या लोकांना आणि सगळ्या चॅनल्सना लावा, ज्याचा निकाल आवडला नाही त्याला दुसरी असं करायचं नाही.

सीबीएसआय नावाची एक पद्धत आहे तिच्याबद्दल वेगळं सांगायला हवं. ती पायरी ५ मधल्या रूपांतरानंतर चालते आणि गृहीतच धरते की ऑक्सी आणि डीऑक्सी एकमेकांच्या विरुद्ध जातात आणि तसा सिग्नल बनवून देते. तुम्ही ती वापरली आणि नंतर म्हणालात की 'बघा ऑक्सी वर, डीऑक्सी खाली, म्हणजे हा मेंदूच', तर तो पुरावा नाही, ते पद्धतीनेच तिथे घातलेलं आहे.

> तपासा: दुरुस्तीच्या आधीची आणि नंतरची रेघ एकावर एक ठेवा. शांत तुकड्यात दोन्ही जवळपास एकच असल्या पाहिजेत. शांत तुकडाही बदललाय म्हणजे दुरुस्ती जास्तच कडक झालीय.

५. हिमोग्लोबिनमध्ये रूपांतर

८०० नॅनोमीटरच्या आसपास ऑक्सी आणि डीऑक्सी दोन्ही सारखाच प्रकाश शोषतात. त्याच्या खाली डीऑक्सी जास्त शोषतं, वर ऑक्सी. म्हणून यंत्रं एक वेव्हलेंग्थ खालची आणि एक वरची वापरतात, ७६० आणि ८५० ही नेहमीची जोडी, आणि दोन समीकरणांतून दोन अज्ञात राशी सुटतात. यालाच सुधारित बिअर-लॅम्बर्ट नियम म्हणतात.

प्रकाश सरळ जात नाही, विखुरत विखुरत जातो, त्यामुळे खरा रस्ता सोर्स-डिटेक्टर अंतरापेक्षा बराच लांब असतो. हे किती पट ते सांगणारा आकडा म्हणजे डीपीएफ, मोठ्या माणसाच्या डोक्यासाठी तो साधारण ६ धरतात, पण वय आणि वेव्हलेंग्थप्रमाणे बदलतो. होमर३ सारख्या सॉफ्टवेअरमध्ये तिथे १ टाकलं तर उत्तर मायक्रोमोलर नाही तर मायक्रोमोलर गुणिले मिलिमीटर अशा एककात येतं. दोन लोकांनी एकाच डेटावर काम करून वेगळे आकडे आणले की आधी इथे बघा, आणि मग अंतर सेंटीमीटरमध्ये दिलंय का मिलिमीटरमध्ये ते बघा.

यातून एक मोठी मर्यादा येते, ती विसरू नका. साध्या सतत-प्रकाशाच्या यंत्रातून फक्त बदल मिळतो, मूळ प्रमाण नाही. आणि कवटीची जाडी जागोजागी वेगळी असल्याने कपाळावरचे ०.५ मायक्रोमोलर आणि डोक्याच्या मागचे ०.५ मायक्रोमोलर यांची थेट तुलना होत नाही. एकाच चॅनलमध्ये दोन टास्कची तुलना करा, ती भक्कम असते.

> तपासा: ठोक्यांची लाट ऑक्सीत मोठी आणि डीऑक्सीत लहान दिसली पाहिजे, कारण ठोका धमनीतल्या रक्ताचा असतो. उलटं दिसत असेल तर फाइलमध्ये दोन वेव्हलेंग्थची अदलाबदल झालेली असू शकते. दहा सेकंदांत होणारी तपासणी आहे, करूनच पुढे जा.

६. कातडी वेगळी काढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि बहुतेक चुका म्हणजे ही पायरीच गाळणं.

माणूस गणित सोडवायला लागला, टेन्शनमध्ये आला, की हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब वाढतो आणि कपाळाच्या कातडीत रक्त वाढतं. हे सगळं नेमकं टास्कसोबतच सुरू होतं आणि टास्कसोबतच संपतं. त्यामुळे ट्रायल्स वाढवून, सरासरी काढून ते जाणार नाही, उलट जास्तच ठळक होईल. फिल्टरनेही जाणार नाही कारण त्याची लय टास्कचीच लय आहे. ते वेगळं मोजलं असेल तरच काढता येतं, म्हणजे शॉर्ट चॅनल.

करायचं असं: लांब चॅनलच्या सिग्नलमध्ये शॉर्ट चॅनलचा सिग्नल किती मिसळलाय हे रिग्रेशनने काढायचं आणि तेवढा भाग वजा करायचा. नुसती सरळ वजाबाकी करू नका, दोन्हीकडे कातडीचा वाटा सारखा नसतो. सगळ्यात चांगलं म्हणजे जीएलएममध्ये (सिग्नलमधले वेगवेगळे वाटे एकाच समीकरणात मोजणाऱ्या मॉडेलमध्ये) टास्कच्या शेजारीच शॉर्ट चॅनल्सचे ऑक्सी आणि डीऑक्सी दोन्ही रिग्रेसर म्हणून टाकायचे, म्हणजे दोघांचा हिशोब एकदमच होतो.

> सावधान: शॉर्ट चॅनललाही पायरी ३ लागू आहे. खराब शॉर्ट चॅनल रिग्रेशनमध्ये घातलं तर साफसफाई होण्याऐवजी गोंगाटच आत येतो.

शॉर्ट चॅनल नसतील तर? सगळ्या चॅनल्सची सरासरी किंवा पहिला मुख्य घटक काढून टाकतात, पण तुमची टोपी डोक्याच्या एकाच लहान भागावर असेल तर त्या सरासरीत मेंदूचा प्रतिसादही असतो आणि तोही निघून जातो. अशा वेळी डीऑक्सीवर जास्त भर द्या, त्याच्यावर कातडीचा परिणाम कमी असतो, सिग्नल लहान असला तरी.

बोलण्याच्या टास्कमध्ये अजून दोन गोष्टी घुसतात. बोलताना श्वास बदलतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड बदलतो आणि त्याने मेंदूतला रक्तप्रवाहच बदलतो. आणि जबडा हलला की कानशिलावरचा स्नायू आकुंचन पावतो, तो बरोबर कानशिलाच्या चॅनल्सखालीच आहे. शक्य असेल तर तुलनेसाठी एक असं टास्क ठेवा ज्यात बोलणं तेवढंच आहे पण विचार करायचा नाही.

७. फिल्टर: आधी हिशोब, मग आकडा

०.०१ ते ०.१ किंवा ०.०१ ते ०.२ हर्ट्झ असे आकडे लोक एकमेकांचे बघून टाकतात. पायरी १ चा कागद काढा. समजा टास्क ३० सेकंद, विश्रांती ३० सेकंद, म्हणजे फेरी ६० सेकंदांची, म्हणजे मूळ लय १ भागिले ६०, साधारण ०.०१७ हर्ट्झ. आता कुणी खालची मर्यादा ०.०२ ठेवली तर त्याने आपल्या हाताने स्वतःच्या टास्कचाच मोठा भाग कापून टाकला, आणि मग 'काहीच सापडलं नाही' असं लिहिलं जातं.

वरच्या बाजूने ठोके सहज जातात, श्वासही बराचसा जातो, तो ०.२ ते ०.३ हर्ट्झच्या आसपास असतो. मेयर लाट मात्र प्रतिसादाच्या अगदी शेजारी बसलेली असते, ती फिल्टरने सुटी होत नाही, त्यासाठी पायरी १ आणि पायरी ६ हेच उपाय.

८. सरासरी आणि आकडेवारी

सरासरीच्या आधी प्रत्येक ट्रायल वेगळी काढून बघा. २० ट्रायल्समधल्या दोनच मोठ्या असतील आणि बाकी सपाट, तरी सरासरीत छान डोंगर दिसतो.

जीएलएम वापरताना लक्षात ठेवा, १० हर्ट्झवर १० मिनिटं मोजलं तर ६००० बिंदू मिळतात पण ते ६००० स्वतंत्र पुरावे नाहीत, प्रत्येक बिंदू शेजारच्यासारखाच असतो. हे न धरता चाचणी केली तर जवळपास सगळंच 'सिग्निफिकंट' येतं. म्हणून प्री-व्हाइटनिंग (शेजारच्या बिंदूंमधलं हे साम्य आधी काढून टाकणं) हवं, एआर-आयआरएलएस ही त्यासाठी चांगली पद्धत. ती वापरत असाल तर आधी लो-पास फिल्टर लावू नका, फिल्टरने बिंदूंमधलं हे साम्य अजून वाढतं आणि पद्धतीचं काम अवघड होतं. आणि ४० चॅनल्सवर ४० चाचण्या केल्यात तर योगायोगाने येणाऱ्या खोट्या निकालांसाठी दुरुस्ती करा, एफडीआर (खोट्या शोधांचं प्रमाण आवरणारी पद्धत) पुरेशी आहे.

९. आता वाचा: एक उदाहरण जवळून

उजव्या हाताची बोटं १५ सेकंद आपटायची. आकडे समजावण्यापुरते घेतलेत.

डाव्या बाजूला सी३ (हाताची हालचाल चालवणाऱ्या भागावरचा बिंदू; उजवीकडचा तसाच बिंदू सी४) जवळच्या चॅनलमध्ये ऑक्सी २ सेकंदांनी चढायला लागलं, सातव्या सेकंदाला ०.६ मायक्रोमोलर, टास्क संपेपर्यंत तिथेच, मग १२-१५ सेकंदांत खाली. डीऑक्सी थोडं उशिरा सुरू होऊन ०.२ ने खाली गेलं. उजव्या बाजूला सी४ जवळ ऑक्सी ०.३५ ने वर, डीऑक्सी सपाट. दोन्हीकडच्या शॉर्ट चॅनल्समध्ये ऑक्सी ०.३ ने वर.

घाईत वाचलं तर 'दोन्ही बाजू ॲक्टिव्ह, डावी जास्त'. नीट वाचलं तर सी४ ची वाढ जवळपास कातडीएवढीच आहे आणि डीऑक्सी हललेलंच नाही, म्हणजे तिथे मेंदूबद्दल बोलायला काही आधार नाही. सी३ वर कातडीचा भाग काढूनही ऑक्सी उरतं, डीऑक्सी त्याच वेळात खाली जातं, साधारण एक तृतीयांश आकाराने, आणि उजव्या हाताला डावी बाजू हे अपेक्षेलाही धरून आहे. हा प्रतिसाद मानायला हरकत नाही.

बाकीचे नमुने पटकन:

- दोन्ही रेघा एकदम, एका सेकंदाच्या आत वर: हालचाल. पायरी ४ ला परत जा.
- सगळ्या चॅनल्समध्ये ऑक्सी सारखंच वर, डीऑक्सी जागच्या जागी: शरीरभराचा बदल किंवा कातडी.
- ऑक्सी खाली, डीऑक्सी वर: लगेच 'डीॲक्टिव्हेशन' लिहू नका. आधी वेव्हलेंग्थची अदलाबदल, मग मागच्या ट्रायलचा राहिलेला उतार तपासा. लहान बाळांमध्ये मात्र उलटे प्रतिसाद खरोखर नोंदले गेलेत, तिथे मोठ्यांचा नियम लावून डेटा फेकून देऊ नका.
- शून्याच्या (टास्क सुरू होण्याच्या क्षणाच्या) आधीच चढ सुरू: बेसलाइनची खिडकी चुकीची आहे किंवा माणसाला पुढची ट्रायल कधी येणार ते कळायला लागलंय.

१०. लिहिताना

ऑक्सी आणि डीऑक्सी दोन्ही दाखवा, डीऑक्सीत काही सापडलं नसेल तरी. डीपीएफ, अंतरं, फिल्टरचे आकडे, कुठल्या पायरीनंतर कुठली पायरी, किती चॅनल्स काढली आणि कशाच्या आधारावर, हे सगळं लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला तुमचा डेटा तसाच परत काढून बघता येईल.

'कपाळामागच्या भागात ऑक्सी वाढलं, म्हणजे माणूस तणावात होता' असं वाक्य लिहिलं असेल तर खोडा. तोच भाग आकडेमोडीत, लक्षात ठेवण्यात, नवीन काही शिकण्यातही वाढतो, त्यामुळे वाढीवरून मागे जाऊन मनात काय चाललं होतं ते सांगता येत नाही. उलट दिशेने लिहा: हे टास्क दिलं, त्याच्या तुलनेत हे दुसरं टास्क दिलं, कातडीचा भाग काढल्यावर या चॅनलमध्ये एवढा फरक उरला. आणि जिथे काही सापडलं नाही तिथे 'हा भाग काम करत नव्हता' असं नाही, तर या चॅनलमध्ये, एवढ्या ट्रायल्समध्ये, एवढ्या खोलीपर्यंत फरक दिसला नाही, असं लिहा.